वाडग्यावरची शीग

आमच्या दोन खोल्यांच्या घरात दोन पंथ नांदत होते. ताई काट्याची, मी मापाची. ताई घरी केक करून द्यायची, आणि केकला म्हणे ग्रॅमभर इकडचं तिकडे झालेलं खपत नाही. त्यामुळे ओट्याच्या एका कोपऱ्यात तिचा तो चपटा, काचेचा वजनकाटा कायम मांडलेला असायचा. त्यावर चुकून माझा चहाचा कप टेकला तरी ती "अगं, उचल आधी" म्हणत धावत यायची. मी गल्लीच्या टोकाला एका खानावळीत वीस-पंचवीस जणांचं रांधायचे. माझा सगळा कारभार वाडग्यावर.

हे वाडगं आईचं. ॲल्युमिनियमचं, पसरट, रुंद तोंडाचं, एका बाजूला जरासं चेपलेलं. दहा माणसांना एक वाडगं राजमा, सूप असेल तर वीस माणसांना एक वाडगं मसूर, हा आमचा घरचा पाढा. पण नुसतं वाडगं नव्हे, शिगेचं वाडगं. काठाच्या वर दाण्यांचा जो डोंगर उभा राहतो, ती शीग. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा ताईनेच मला हे शिकवलं. दाबायचं नाही, हलवायचं नाही, वरून हात तर मुळीच फिरवायचा नाही. ओतत राहायचं. चार दाणे घरंगळून खालच्या ताटात टणटण वाजले की समजायचं, माप भरलं. लोकांची उत्सुकता शिगेला पोहोचते, आमच्याकडे राजमा पोहोचायचा.

आई म्हणायची, "काठापर्यंतचं घरच्यांचं, शीग शेवटी येणाऱ्याची." आणि खरंच, कितीही उशिरा कोणी दारात उभं राहिलं तरी आमच्या पातेल्याने कधी तळ दाखवला नाही.

कमरेचं हाड मोडल्यापासून आई आतल्या खोलीत पडून असते. डोळ्यांना धूसर दिसतं, पण कान असे तिखट की ओट्यावर कोणी कुठला डबा उघडला ते ती पलंगावरून सांगते. तिला कुशीवर वळवायला दोघी लागतो. एक खांदे धरते, एक कंबर. माझं लग्न झालं आणि मोडलं, ताईचं जमता जमता राहिलं. मी परत आले त्या दिवशी ताईने एका शब्दाने काही विचारलं नाही, माझी बॅग उचलून आत नेऊन ठेवली. हे मी विसरलेली नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सगळं फार सोपं झालं असतं.

तर झालं असं की शहराबाहेरच्या मोठ्या इस्पितळाच्या नर्सिंग वसतिगृहात मुख्य स्वयंपाकिणीची जागा निघाली. बसने दोन तासांवर. कामाबरोबर राहायला एक खोली. मी ती खोली बघून आले होते. फार काही नव्हती. एक खाट, एक खिडकी, खिडकीबाहेर इस्पितळाच्या धुलाईघराच्या चादरी वाळत घातलेल्या. पण दाराला आतून कडी होती. चाळिशी उलटेपर्यंत मी कधी आतून कडी लावून झोपलेली नाही. आधी बहिणीशेजारी, मग नवऱ्याशेजारी, मग आईच्या पलंगालगत गादी टाकून. त्या कडीवर माझा जीव जडला, हसायचं असेल तर हसा.

जागेसाठी एक चाचणी होती. एका दुपारचं जेवण, एकशे वीस मुलींचं. राजम्याचा रस्सा, मसुरीचं सूप, तोंडी लावायला उकडलेले वाटाणे, आणि पाव. मेट्रनबाई पारख करणार होत्या. मी कोठी सांभाळणाऱ्या काकांना फोन करून सांगितलं, राजमा बारा वाडगी, मसूर सहा, वाटाणे सहा.

पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. "बाई, इथे वाडगं-बिडगं चालत नाही. बाहेरचं भांडं कोठीत आणू देत नाहीत. किलो सांगा. आदल्या दिवशी मी तोलून भिजत घालतो."

मी फोन ठेवून कपाळाला हात लावला. ताई केकवर क्रीमच्या वेलबुट्ट्या काढत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात काय एवढं? घरात काटा आहे. एका वाडग्याचं वजन करू, बाराने गुणू."

"मला ते ग्रॅम-बिग्रॅम कळत नाही गं."

"मी आहे ना," ताई म्हणाली.

मी आहे ना. हे तीन शब्द मी अजून तिच्या आवाजात ऐकते.

दुपारी आम्ही डबे काढले. ताईने रिकामं वाडगं काट्यावर ठेवलं, एक बटण दाबलं, आकडा शून्य झाला. वाडग्याचं वजन असं वजा होतं, म्हणाली. मग वाडगं ताटात घेऊन तिने वाटाणे ओतायला सुरुवात केली. वाटाणा मेला गोलमटोल, त्याची शीग धड उभी राहत नाही. ताटात टणटण दाणे उडत होते आणि आम्ही दोघी हसत होतो. भरलेलं वाडगं तिने हलक्या हाताने काट्यावर ठेवलं. "साडेनऊशे. बघ, किती सोपं आहे."

तेवढ्यात आईने हाक मारली. तिचा हात अंगाखाली अडकला होता. मी आत गेले, हात सोडवला, उशी सारखी केली, पाणी पाजलं. आई दाराकडे कान लावून होती.

"ताई काय करतेय गं?"

"मोजतेय. माझ्यासाठी."

"आवाज येईना."

"काट्यावर मोजतेय आई. काट्याला आवाज नसतो," मी म्हणाले. वर तिच्या गालाला हात लावून हसलेसुद्धा.

बाहेर आले तर ताईचं आटोपलं होतं. डबे बंद, ताट पुसून उभं केलेलं. "मसूर आठशे चाळीस, राजमा सातशे ऐंशी," तिने सांगितलं, आणि हिशेब करून फोनवर काकांना किलोही तिनेच सांगितले. मी शाळेतल्या पाढ्यासारखं तिच्यामागे म्हणत होते, साडेनऊशे, आठशे चाळीस, सातशे ऐंशी. त्या आनंदात मी खोलीचे पडदेही ठरवून टाकले. पिवळे. ताईला विचारलं, पिवळे बरे दिसतील ना. ती म्हणाली, बरे दिसतील.

चाचणीच्या दिवशी पहिल्या बसने पोहोचले. वसतिगृहाचं स्वयंपाकघर म्हणजे लांबलचक, पांढऱ्या फरशांचं, वाफेने ओलं झालेलं. पातेली एवढी रुंद की आत बसून आंघोळ करावी. राजमा रात्रभर पाण्यात फुगून बसला होता. भिजलेल्या दाण्यावरून, तेही अनोळखी भांड्यात, अंदाज कुणाला येतो? मी कामाला लागले. कांदा परतला, टोमॅटो घातले, राजमा शिजवला, सूप उकळीला ठेवलं. वासावर दोन मुली आधीच दारातून डोकावून गेल्या.

मग मी रश्शात डाव घातला. डाव तळाला लागला तेव्हा दांडा निम्मासुद्धा भिजला नव्हता. खानावळीत माझा डाव रश्शात उभा राहतो, इथे तो आडवा झाला.

"काका, राजमा पूर्ण दिलात ना?"

"तुम्ही सांगितला तेवढा. नऊ किलो तीनशे साठ. काट्यावर दाखवू?" काका दुखावले होते. "आणि वाढीव दाणा द्यायचा नाही असं बाईंनी बजावलंय. चाचणी आहे."

दिला असता तरी भिजवायला वेळ कुठे होता? मी थोडा राजमा घोटून रस्सा दाट केला. सुपात पाणी वाढवलं. पाणी वाढवलं की माणूस स्वतःच्याच नजरेतून उतरतो, पण वाढवलं. मुली रांगेने येऊ लागल्या. मी डाव अर्धा भरू लागले. मेट्रनबाई खिडकीपाशी हात मागे बांधून उभ्या होत्या, आणि त्यांना अर्धा डाव दिसत होता हे मला दिसत होतं.

शेवटी वॉर्डातून सुटलेल्या मुली आल्या. वीसबावीस जणी, सकाळपासून उभ्या, डोळे खोल गेलेले. पहिलीने ताट पुढे केलं. मी पातेलं वाकडं करून खरवडलं, खरवडण्याचा तो आवाज सगळ्या स्वयंपाकघरात घुमला. दुसरीला ते खरवडलेलंही मिळालं नाही, सूपही तोवर संपलं होतं. त्यांच्या ताटात पाव पडला, आणि वाटाणे. वाटाणे मात्र भरपूर होते. एक मुलगी ताटाकडे बघून म्हणाली, "असू दे, ताई, आम्हाला सवय आहे." तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मेट्रनबाईंनी मला बाजूला घेतलं. बाई वाईट नव्हत्या, आवाज चढवला नाही. "तुमच्या हाताला चव आहे. पण अंदाज नाही. चव कमी पडली तर मुली मीठ मागून घेतात. अंदाज चुकला तर मी कुठून आणू?" जागा दुसऱ्या बाईंना देत असल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं. पाठीवर हात ठेवून सांगितलं, म्हणजे ते अजूनच झोंबलं.

अंदाज नाही. मला. गल्लीतले लोक ज्या बाईकडे 'किती माणसांना किती' विचारायला येतात, तिला.

निघताना काका भांडी विसळत पुटपुटले, "वाटाणा बरा पुरला." बसमध्ये बसले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. वाटाणा पुरला. तोही त्याच काट्यावर, त्याच वाडग्याने, त्याच दुपारी मोजलेला. मग बाकीचं का पुरलं नाही? मी खिडकीच्या गजावर डोकं टेकून पाढा म्हणू लागले. साडेनऊशे, आठशे चाळीस, सातशे ऐंशी. पुन्हा म्हटला. आणि मसुरीपाशी अडखळले.

मसूर वाटाण्यापेक्षा हलकी?

ग्रॅम मला कळत नाहीत, पण दाणा कळतो. वाटाणे भरलेल्या वाडग्यात दाण्यादाण्यांत फटी राहतात. मसूर बारीक, चपटी, एकीला एक चिकटून बसते, आणि शीग अशी धरते की वाटाण्याने बघत राहावं. मसुरीचं वाडगं नेहमी मनगटाला जास्त ओढतं. हे आमच्या घरात पाच वर्षांचं पोर सांगेल. ताईने सांगितलं होतं मला.

घरी पोहोचले तेव्हा ताई केक पोहोचवायला गेली होती. आईने आतून विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, "सांगते." पदर खोचला आणि मसुरीचा डबा काढला. रिकामं वाडगं काट्यावर, बटण, शून्य. मग वाडगं ताटात घेऊन ओतत गेले, दाणे वाजेपर्यंत, आणि पुन्हा काट्यावर ठेवलं. काट्याने सांगितलं, एक हजार पन्नास. मग काठावरची शीग मुठीमुठीने परत डब्यात टाकली आणि वरून तळवा फिरवला. वाडग्याचं तोंड असं गुळगुळीत कधी बघितलं नव्हतं मी. आकडा उतरत उतरत आठशे बेचाळिसावर थांबला.

राजम्याचं वजन केलंच नाही. गरज नव्हती. काट्याने काटा काढतात म्हणे, इथे काट्याने मलाच काढलं होतं.

ताई आली. रिकामं खोकं खाली ठेवलं, चपला काढल्या, आणि काट्यावरचं वाडगं बघून जागच्या जागी थांबली.

"मसूर वाटाण्यापेक्षा हलकी कशी गं, ताई?"

ती मोरीपाशी गेली, हात धुतले, सावकाश पुसले. "माप म्हणजे सपाटच असतं. जगात कुठेही विचार. सपाट भरूनच वजन करतात."

"मग वाटाणा शिगेचा कसा?"

तिने फडकं दोरीवर टाकलं. बराच वेळ त्याची टोकं जुळवत राहिली. "तू समोर होतीस," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, ती सपशेल नाकारेल. नाकारलं असतं तर मी भांडले असते, आरडाओरडा केला असता, आणि कदाचित मनाच्या कोपऱ्यात तिच्यावर विश्वासही ठेवला असता. तिने तीही सोय ठेवली नाही.

"का?"

"का म्हणजे? तू जाणार. पडदेसुद्धा ठरले तुझे. आईला एकटीने कुशीवर वळवून बघ एकदा. रात्री तीनदा. मग विचार का."

"मग तसं बोलायचंस ना. जाऊ नकोस म्हणायचंस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

मी खोटं बोलू शकले असते. पण संतापात माझ्या तोंडून खरंच निघतं. "राहिले असते."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "म्हणून नाही म्हटलं."

मला काही कळेना. तीच पुढे बोलली, भिंतीकडे बघत. "तू माझ्यासाठी खोली सोडलीस, हे मला रोज बघावं लागलं असतं. जेवताना, झोपताना. तू बोलली नसतीस, ते जास्त. नापास होऊन आलीस तर नुसती घरी आलीस. पहिल्या वेळेसारखी."

पहिल्या वेळेसारखी. म्हणजे नवरा सोडून आले तशी. बॅग आत नेऊन ठेवणारे ते हात आठवले, आणि त्या आठवणीलाही आता हात लावायची सोय राहिली नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हे. परक्याने फसवलं तर माणूस चार घरी सांगून मोकळा होतो. हे कुणाला सांगू? आईला?

"बावीस मुली उपाशी उठल्या, ताई. सकाळपासून वॉर्डात उभ्या होत्या त्या."

तेव्हा कुठे तिने माझ्याकडे पाहिलं. "त्यांचं मला सुचलंच नाही," ती हळूच म्हणाली, आणि पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेली. हे मात्र खरं असावं. तिच्या चेहऱ्यावरून ते खरं वाटत होतं.

संध्याकाळ झाली तसा पोटाचा प्रश्न उभा राहिला. विश्वासघात झाला म्हणून चूल थांबत नाही. आमच्या तिघींना पाव वाडगंही पुष्कळ झालं असतं, पण उद्याच्या खानावळीचं सूपही मी रोज संध्याकाळीच घरी मोजून, निवडून ठेवते. मी ताट मांडलं, त्यात वाडगं ठेवलं, मसुरीचा डबा तिरपा केला. दाणे काठाशी आले आणि माझा हात आपोआप थांबला. कुणासाठी धरायची शीग? शेवटी येणाऱ्यासाठी? आमच्या घरात सगळ्यात शेवटी जेवायला ताईच बसते. मी डबा सरळ केला. वाडग्यावरून तळवा फिरवला, एकदा, दोनदा, अगदी बेतशीर. एक दाणा खाली पडला नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आतून आईचा आवाज आला. "ओट्यापाशी कोण आहे? ताई का गं?"

मी तळवा तसाच वाडग्यावर धरून उभी राहिले.

"ताई, तूच मोजतेयस ना? आवाज येईना म्हणून विचारलं."

म्हणजे त्या दुपारीही आईला कळलं होतं. काट्याला आवाज नसतो म्हणून मी तिला हसले होते, आणि ती बिचारी दाण्यांचा आवाज ऐकायला कान लावून पडली होती. घरात न वाजणारं माप कुणाचं, हे तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

ताई पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होती. तिनेही ऐकलं होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिच्यावरचा राग कणभरही उतरला नव्हता, आजही उतरलेला नाही. मी डब्यात हात घातला आणि ओंजळभर मसूर वाडग्यावर सोडली. चार दाणे घरंगळले, ताटात वाजले.

"नाही आई," मी म्हणाले. "मी आहे."